‘आलं काय ग?’

शेवटचा अर्ज गेला तेव्हा बेळगावच्या वडगावात सकाळचे नऊ वाजले होते. मुदत 1 डिसेंबरच्या मध्यरात्रीची, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे 2 तारखेची सकाळ साडेदहा. दीड तास हातात राखून मी जिंकले असं वाटून गॅलरीत आले. खाली आई भाताची पोती मोजून घेत होती. "झालं?" तिनं विचारलं. झालं म्हटलं. "मग आता?" आता वाट बघायची. "कवापर्यंत?" एप्रिलपर्यंत. आईनं पोत्यांची मोजणी परत पहिल्यापासून सुरू केली.

अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी मी अर्ज केले होते. आईची आख्खी भिशी अर्जांच्या फीमध्ये गेली. हा प्रवेश कसा होतो ते आमच्या गल्लीत समजावून सांगणं हाच एक वेगळा अभ्यासक्रम आहे. शेकडो अर्ज येतात आणि जागा पाच-सात, फार तर दहा. त्यातही आपण विद्यापीठाकडे नव्हे, एका प्रोफेसरकडे अर्ज करत असतो. त्या बाईंनी किंवा त्या बुवांनी यंदा एक विद्यार्थी घ्यायचा ठरवला असेल तर एक जागा, नसेल तर शून्य. डिसेंबर-जानेवारीत निवडक लोकांना इंटरव्ह्यूचं बोलावणं येतं. ज्यांना येत नाही त्यांना बहुतेक ठिकाणी लगेच कुणी काही कळवत नाही. नकाराचं पत्र मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी येतं. म्हणजे मधले दोन-तीन महिने तुम्ही नापास आहात की नाही, हे तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

लोकांचे प्रश्न वेगळेच. फी भरायची नाही, उलट पाच-सहा वर्षं तेच दरमहा पैसे देतात म्हटल्यावर मामाला ही फसवणूक आहे याची खात्रीच पटली. "सायकॉलॉजी शिकायला अमेरिका कशाला, धारवाड आहे की ऐंशी किलोमीटरवर," असं एक काकू हसत म्हणाल्या. तिथं मनोरुग्णालय आहे. बेळगावात ‘धारवाडला पाठवायला पाहिजे’ याचा एकच अर्थ होतो, तो मी इथं सांगत बसत नाही. आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं म्हटलं की अर्ध्या लोकांना नोकरी वाटायची, अर्ध्यांना स्थळ.

पहिला आठवडा बरा गेला. नंतर रात्री बिघडायला लागल्या. त्यांचं ऑफिस पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. पश्चिम किनाऱ्यावर पाचला बंद होतं तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. म्हणजे माझी सगळी आशा रात्रपाळीला. शेजारच्या अण्णांचे चार माग रात्री दहापर्यंत खटखटायचे, ते थांबले की गल्ली एकदम मोकळी पडायची, आणि मग फक्त मी आणि फोन. दोनला बघायचं, अडीचला बघायचं, पाणी प्यायला उठलंय असं स्वतःलाच सांगून तीनला बघायचं. येणारा मेल कधी बँकेचा, कधी बुटांच्या सेलचा.

यातला विनोद असा की हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. कुठल्या दाब्याला दाणा मिळेल ते ठरलेलं नसेल तर स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाच्या पेटीतलं कबूतर बटण दाबतच राहतं. पण मी लिहिलं होतं त्यापेक्षा माझी गोष्ट जास्त केविलवाणी होती. कारण त्या प्रकारात निदान जास्त वेळा दाबलं तर जास्त दाणे मिळतात. मेल तसा नाही. तो त्याच्या वेळेला येतो. मी चाळीस वेळा फोन बघितला काय नि एकदा बघितला काय, येणाऱ्या मेलला त्याचं काही नाही. हे समजूनही मी चाळीस वेळाच बघत होते.

बेंगळुरूच्या एका संशोधन प्रकल्पात मी दोन वर्षं मदतनीस होते. तिथं आमचं काम खेड्यातल्या बायकांना चिंतेची प्रश्नावली विचारायचं. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त एकवीस. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी आवरता आली नाही, काहीतरी भयंकर होईल असं वाटलं. खानापूरकडच्या बायकांना ‘चिंता’ हा शब्द चालायचाच नाही. त्या म्हणायच्या, जीवाला घोर लागतोय, काळीज हलतंय, हातापायातलं बळ जातंय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी तीच प्रश्नावली स्वतःला विचारली. बारा आले. दहाच्या वर गेलं की आम्ही त्या बाईला पुढं डॉक्टरांना दाखवायला सांगायचो. मी स्वतःला काही सांगितलं नाही, कागद उशीखाली सरकवला.

त्याच आठवड्यात प्रकल्पातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिला बोलावणं आलं होतं, आणि माझ्या यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या प्रोफेसरांकडूनच. मी अभिनंदन केलं, खरं आनंदानं केलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या रडले. कारण एका प्रोफेसरची बोलावणी बहुतेक एकाच वेळी जातात. तिला आलं याचा अर्थ मला तिथून येणार नाही. नऊचे आठ झाले. आई दारात येऊन उभी राहिली, काही न विचारता भांडी विसळायला गेली. न विचारणं हेसुद्धा विचारणंच असतं, हे तिला कुणी सांगावं.

नाताळात विद्यापीठं बंद असतात, ते आठवडाभर निवांत जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. त्यात आईनं सौंदत्तीला यल्लम्माला जायचं काढलं. दरवर्षी जातो आम्ही, पण यंदा तिच्या जाण्यात माझ्या नावाचं ओझं होतं. डोंगरावर गर्दी, भंडारा, आणि फोनला रेंज नाही. दोन दिवस बोट नुसतं खिशातल्या फोनवरून फिरत होतं. परत येताना रेंज आली आणि फोन एकदम थरथरला. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मेल होता रिचार्ज संपत आल्याचा.

आमच्या घरात वाट बघण्यातला खरा जाणकार म्हणजे आज्जा. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, 2004 साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातला. तो दावा अजून आहे आणि आज्जाही आहे. पुढची तारीख त्याला नेहमी पाठ. जानेवारीच्या सुरुवातीला एकदा पहाटे तीनला मी स्वयंपाकघरात फोन घेऊन बसलेली त्याला दिसले.

"काय करालीस ग?"

"मेल बघालोय."

"आज तारीख हाय काय?"

तारीख अशी नसते, कधीही येऊ शकतं म्हणून मी सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तारीख नसंल तर आपण लावून घ्यायची. मधल्या दिवशी कोर्टाच्या दारात बसून काय मिळतंय?"

आता हे बोलणारा माणूस रोज पहाटे पाचपासून पेपरवाल्याची वाट बघत कट्ट्यावर बसतो, हे सांगितलं नाही तर लबाडी होईल. पण त्याचं म्हणणं डोक्यात राहिलं, कारण ते मला पुस्तकातून माहीत होतं. बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली हेच मांडलं होतं. काळजी करू नका असं सांगून उपयोग नसतो. काळजीला रोजची एक वेळ आणि एक जागा नेमून द्यायची, बाकी वेळी ती आली की ‘साडेसातला ये’ म्हणून परत पाठवायची. मी लोकांना हे समजावून सांगितलं होतं. स्वतःला लागू करायला आज्जाचं कोर्ट लागलं.

मग मी वेळा आखल्या. सकाळी सातला एकदा. पश्चिमेकडचंही ऑफिस साडेसहाला बंद झालेलं असतं, म्हणजे त्या दिवसाचं जे काही यायचं ते सगळं एका जागी येऊन पडलेलं असतं. रात्री साडेनऊला दुसऱ्यांदा, एवढ्यासाठी की इंटरव्ह्यूची वेळ निवडायची असली तर फार उशीर नको. साडेनऊनंतर फोन तांदळाच्या डब्यात, आणि डबा आईच्या खोलीत. शनिवारी सातला बघून झालं की सोमवारी रात्रीपर्यंत बघायचंच नाही, कारण शनिवारी सकाळी साडेसहापासून सोमवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत तिकडची ऑफिसं बंदच. एकसष्ट तास. हा हिशेब मांडला त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं. दर आठवड्याला एकसष्ट तासांची सुट्टी मी फुकट जाळत होते! शिवाय जानेवारीचा तिसरा सोमवार त्यांच्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं सुट्टीचा असतो, तो मला मागाहून कळला. एक रात्र त्यावरही गेलीच.

याने काळजी गेली का? नाही. ती फक्त बांधाच्या आत राहिली, आणि तीही रोज नाही. तीनदा मी आईच्या खोलीत चोरासारखी गेले, एकदा डबा सांडला. रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ वाट बघण्याचाच अभ्यास करतात. वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने थांबलेल्या 230 पदवीधरांवरचा त्यांचा अभ्यास 2016 साली आला. लोकांनी मन रमवायला, आशा धरायला, वाईटाची तयारी करायला जे जे केलं त्यानं त्रास फारसा कमी झाला नाही. मात्र ज्यांनी वाट बघताना जास्त सोसलं होतं त्यांना वाईट बातमी त्यातल्या त्यात बरी पेलता आली आणि चांगल्या बातमीचा आनंद जास्त झाला. शांत राहा, देवावर भार टाक, सकारात्मक विचार कर, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मला हे वाचून दाखवावंसं वाटायचं. निदान मला नीट वाट बघता येत नाही याचा वेगळा अपराध तरी वाटेनासा झाला. झोप मात्र वेळापत्रकानंच परत आली, त्याचं श्रेय डब्याला.

17 जानेवारीला सकाळी सातला डबा उघडला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला मेल होता. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक विद्यापीठ, यादीतला सातवा नंबर, ज्याचा विचार मी जवळजवळ सोडून दिला होता. ‘तुम्हाला इंटरव्ह्यूसाठी बोलावताना आनंद होतो.’ मी ते वाक्य चार वेळा वाचलं, मग पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला, मामाचं बोलणं आठवून. आज्जा सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला निघाला होता, टोपी घालून दारात चप्पल शोधत होता. आज्जा, आलं, म्हटलं. "बरं झालं," तो म्हणाला, "आल्यावर बोलू," आणि गेला. त्याच्या त्या दिवसापुढं माझं काहीच मोठं नव्हतं, ते बरोबरच होतं.

इंटरव्ह्यू फेब्रुवारीच्या सुरुवातीला, व्हिडिओवर, रात्री नऊ ते साडेअकरा. दोन प्रोफेसर अर्धा अर्धा तास, मग त्यांच्याकडचे विद्यार्थी. तयारीत मला खरी धास्ती होती ती अण्णांच्या मागांची. त्या खटखटीत मला माझंच बोलणं ऐकू येत नाही, तर मिनेसोटाकडच्या माणसाला काय येणार? बाबा त्यांच्याकडे जाऊन बसले. अण्णा घरात कन्नड बोलतात, आमच्याशी त्यांच्या पद्धतीचं मराठी. त्या रात्री साडेआठलाच त्यांनी चारही माग बंद केले. दीड तासाचं कापड बुडालं, त्याचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते.

प्रश्न अवघड नव्हते, उत्तरं होती. आमच्याकडेच का, कुठलं काम फसलं आणि त्यातून काय केलं, पाच वर्षांनी काय शोधत असशील. मी खानापूरच्या बायकांचे शब्द सांगितले, ‘काळीज हलतंय’ याचं भाषांतर प्रश्नावलीत का बसत नाही ते सांगितलं. प्रोफेसरबाई पुढं सरकून बसल्या. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं, पण माझा चेहरा तीन सेकंद अंधारात होता, आणि त्या तीन सेकंदांवर मी पुढचे दोन महिने विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कुंपणापाशी. "बंतेनु?" म्हणजे, आलं काय?

अजून नाही म्हटलं. वेळ लागतो.

उत्तर मार्चमध्ये आलं. निवड नाही, नकारही नाही. प्रतीक्षायादी. ज्यांना जागा मिळाली आहे त्यांनी 15 एप्रिलपर्यंत कळवायचं असतं, कुणी सोडली तर पुढच्याला विचारतात. म्हणजे परत तेच, पण यावेळी निदान तारीख होती. आज्जाला ती ऐकून समाधान वाटलं.

15 एप्रिलच्या रात्री मी डबा वापरला नाही. एवढी सूट मी स्वतःला दिली. तोवर त्यांची घड्याळं एक तास पुढं गेलेली, त्यामुळं त्यांचं ऑफिस आपल्याकडे पहाटे साडेतीनलाच बंद होणार. साडेतीन झाले. मी आणखी थोडी बसले, कुणीतरी उशिरापर्यंत काम करत असेल म्हणून. पाचला आज्जा कट्ट्यावर आला. साडेपाचला पेपर आला. त्यानं पहिलं पान बघितलं, उलटलं, आतलं बघितलं.

"आलं काय ग?"

"नाही. तुमचं?"

त्यानं पेपरची घडी घातली. "चहा टाक," म्हणाला, "साखर जरा जास्त घाल." मी आत गेले. अण्णांचा पहिला माग सुरू झाला होता.