नवतपा, कूलर आणि महालातली नोट

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानात मी फोन आणि हिशेब सांभाळते. मार्च ते जून फोन खाली ठेवायची सोय नसते. तक्रारी पूर्वी लांबट वहीत लिहायचो. तारीख, वेळ, नाव, पत्ता, तक्रार, कोण गेलं आणि काय बदललं असे रकाने मालकांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, स्वतः पट्टीनं आखलेले. अडचण एकच. वही दुकानात आणि मिस्त्री गावभर.

या उन्हाळ्याआधी भाऊंच्या पुण्यातल्या भाच्यानं एका नावाजलेल्या अॅपमध्ये आमच्यासाठी मोठा थाट मांडून दिला. तक्ते, रंगीत पट्ट्या, ग्राहकाच्या पानाला जोडलेलं सुट्या भागांचं पान. दिसायला झकास होतं, पण एक तक्रार नोंदवायला इतक्या जागी बोट लावावं लागे की तोवर पुढचा फोन वाजायचा. मोठे मिस्त्री म्हणाले, ‘ताई, मी कूलर खोलू का हे भरत बसू?’ आठवड्याभरात सगळे पुन्हा वहीवर आले.

मग मी गूगल कीप हे नोंदी लिहायचं साधं अॅप घेतलं. ते 2013 पासून आहे, फुकट आहे आणि मिस्त्र्यांच्या फोनमध्ये आधीच पडून होतं. रेंज नसली तरी त्यात लिहिता येतं, नेट आलं की बाकीच्यांना दिसतं. वस्त्यांची लेबलं करायचा मोह झाला, पण आपलं लेबल आणि आपला रंग दुसऱ्याच्या फोनवर दिसत नाही, नोट सामायिक असली तरी. शिवाय फोल्डरसारखं काही एकदम वाटून देता येत नाही, प्रत्येक नोटमध्ये माणसं वेगळी जोडावी लागतात. म्हणून एका वस्तीची एकच नोट केली: महाल, नंदनवन, मानेवाडा, प्रतापनगर. आत टिकमार्कची यादी, एका ओळीत एक तक्रार. काम झालं की मिस्त्री टिक करतात आणि ती ओळ आपोआप तळाशी जाते. नोट पुसायची नाही, एवढा एकच नियम मी घातला, कारण नोट ज्याची, त्याच्या खात्यातून पुसली की सगळ्यांकडून जाते आणि कचऱ्यात सातच दिवस राहते.

टाइप करायचा कंटाळा म्हणून मिस्त्री कीबोर्डचा माइक दाबून बोलायचे. मराठी बरीच कळते त्याला. फक्त एकदा नंदनवनच्या नोटमध्ये ‘पंख्याचा कॅन्सर बदलला’ असं आलं होतं. कंडेन्सर म्हणायचं होतं.

भाऊ या सगळ्याकडे तिरप्या नजरेनं बघत. त्यांचा हट्ट एकच: ‘ओळीत वेळ टाक. वहीत होती ना?’ फोन कधी आला ते मागाहून कुठे बघायचं, असं म्हणत मी टाकत गेले.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला होता. पारा 45 च्या आसपास, रस्ता दुपारी ओस, आणि दुकानातला फोन मात्र तापलेला. महालातल्या एका वाड्यातून आजींचा फोन आला. ‘अवं, कूलर पुन्हा पाणी उचलून नाही राहिला. गरम हवा फेकते नुसती.’ पुन्हा म्हटल्यावर मी महालची नोट उघडली. वरच्या उघड्या ओळींत त्यांचं नाव नव्हतं. तळाशी टिक केलेल्या ओळींची घडी उलगडली, तर तोच वाडा दोनदा. दोन्ही वेळा वेगळा मिस्त्री, दोन्ही वेळा ‘पंप जळाला, नवा टाकला’. तिसरा मिस्त्री नवा पंप पिशवीत टाकून गाडीला किक मारायच्या बेतात होता.

भाऊंनी माझ्या हातून फोन घेतला, चष्मा वर सरकवला आणि ओळी मोठ्यानं वाचल्या. एक तक्रार अडीचची, दुसरी सव्वातीनची, आजचीही तीनच्या पुढची. ‘थांब बे,’ ते मिस्त्र्याला म्हणाले. मग आजींना फोन लावला. ‘आजी, नळ कधी येते तुमच्याकडे?’

नळ सकाळीच येत होता. कूलरची नळी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलेली. वाड्यात बिऱ्हाडं तीन, दुपारपर्यंत टाकी रिकामी. पाणी उतरलं की आपोआप उघडणारा कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह उघडा, पण वरून थेंब नाही. त्यात लू चालली की कूलर पाणी भराभरा पितो. कूलरच्या तळातल्या पाण्यात बुडून राहायचा तो पंप मग कोरडाच फिरत राहायचा, तापायचा आणि वाइंडिंग जळायचं. सकाळी मिस्त्री गेला की पाणी भरलेलं, पंप जळालेला. तो दुसरं काय समजणार? तिसरा पंपही चार दिवसांत गेला असता.

मिस्त्री गेला तो पंपाबरोबर प्लॅस्टिकचा ड्रम घेऊन. सकाळी नळावर भरायचा, त्यातून फक्त कूलरला पाणी. आजींना सांगितलं, ड्रम संपला की पंपाचं बटण बंद, नुसता पंखा चालू द्या. दुसऱ्या पंपाचे पैसे भाऊंनी परत केले, त्यावरून दुकानात थोडी कुरकुरही झाली. माझ्या मते केलं ते बरोबरच होतं.

भाच्याच्या त्या तक्त्यांमध्ये वेळेचा रकानाच नव्हता. दुकानात कधी फोन घेतला नसेल, तर तो सुचणार तरी कसा? संध्याकाळी मी वहीचे रकाने एका वेगळ्या नोटमध्ये त्याच क्रमानं उतरवले आणि ती सगळ्यांना जोडली. मोठे मिस्त्री आता माइकवर आधी वेळ बोलतात, मग ‘नळ किती वाजता’ हेही विचारून टाकतात. तो रकाना वहीत नव्हता, तो त्यांचाच.

पाऊस लागला की या नोटा आर्काइव्हमध्ये टाकणार आहे. तिथूनही शोधता येतात. मार्चमध्ये सर्व्हिसिंगचे फोन त्यातूनच लावायचे, पहिला महालला.