दुसरा कोस

दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. पंढरपूरच्या वारीतलं हे सगळं माझ्याही वाटेत आलं, पण त्याचे फोटो तुम्ही पाहिलेत आणि वर्णनंही वाचलीत. मला सांगायचंय ते बरड गावाच्या पुढचं. एका दुपारचं आणि एका पिशवीचं.

त्याआधी एक सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी विचारणारच. मी ख्रिस्ती, नगरकडची. वारीला निघालेय म्हटल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. मी वाद घातला नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. पूल आहे म्हटल्यावर त्याच्यावरून उलटं जाऊन यायला काय हरकत आहे? दिंडीत तर कुणी चकार शब्द काढला नाही. विणेकरी बुवांनी एवढंच विचारलं, "चालवेल ना?" ज्ञानोबा-तुकाराम म्हणताना मी मनात कुणाला हाक मारत होते, ते माझं मला ठाऊक. दोन्हीकडच्या लोकांना ते समजावत बसायची मला गरज वाटत नाही.

निघाले ती भक्तीने कमी, कंटाळून जास्त. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत होते तेव्हापासून येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकतेय. त्यातल्या कितव्या ओवीत काय आहे ते तोंडपाठ. वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा, असं याकोबाच्या पत्रात आहे. तर आम्ही तेही बसून ऐकतो. मग दारात पाळकसाहेबांना म्हणायचं, "आज उपदेश फार छान झाला," आणि घरी जाऊन जेवायचं. जिथे बसायला बाकच नाही अशा ठिकाणी जावं, असं फार दिवस मनात होतं.

तर धर्मपुरीला दुपारची जेवणं झाली होती. सोलापूर जिल्हा लागला की ऊन बदलतं असं जुने वारकरी म्हणतात, ते खरं असावं. पाऊस नाही, ढग नाही, रुंद केलेला पालखी मार्ग आणि झाडं कुठेतरी लांब बांधाला. माझ्या डाव्या टाचेला फोड होता आणि उजव्या अंगठ्याखाली दुसरा व्हायच्या बेतात. अभंग चालू होता पण मला तो ऐकू येत नव्हता. ऐकू येत होती ती फक्त पुढच्या माणसाची चप्पल, फटक, फटक. त्या चपलेचा मला विलक्षण राग आला होता.

तेवढ्यात बाजूने एक आजी आल्या. परभणीकडच्या, हे नंतर कळलं. दिंडी वेगळीच, आमच्यात कशा मिसळल्या देव जाणे. "माऊली, एवढं धर जरा, पदर खोचते," म्हणत माझ्या हातात पिशवी दिली. खताच्या गोणीची शिवलेली, एक बंद तुटलेला, त्याजागी निळी नायलॉनची दोरी. आजींनी पदर खोचला, तुळस डोक्यावर सारखी केली आणि चालू लागल्या. पिशवी माझ्याकडेच.

मला वाटलं, घेतील आता. नाही घेतली. बरं, मी मागे राहिले की वळून मलाच म्हणायच्या, "चल की गं, तरणीताठी तू!" मी पन्नाशीची आहे.

दोरी खांद्यात रुतायला लागली तेव्हा बायबलमधलं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन आठवलं. भक्तिभावाने नव्हे, वैतागून आठवलं. कुणी तुला वेठीला धरून एक कोस नेलं, तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. त्या काळी रोमी शिपायाला वाटेवरच्या कुणाही माणसाला धरून आपलं ओझं त्याच्या पाठीवर देता यायचं. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला असाच धरून येशूचा वधस्तंभ वाहायला लावला. या वचनावर मी निदान पंधरा उपदेश ऐकले असतील. क्षमाशीलता, नम्रता, आत्म्याची फळं, सगळं त्यात येऊन गेलं. खांदा कुठे दुखतो, हे मात्र एकाही उपदेशात नव्हतं. आणि दुसरा कोस सुरू कुठे होतो? पहिला जबरदस्तीचा, दुसरा आपखुशीचा, हे ठीक. पण त्या वचनातला कोस म्हणजे रोमी मैल, जेमतेम दीड किलोमीटरचा, तो केव्हाच मागे पडला होता आणि माझी खुशी काही अजून आली नव्हती. मी पिशवी वाहत होते आणि मनातल्या मनात आजींशी कडाकडा भांडत होते. याला आचरण म्हणायचं का? पाय तर चालतच होते. येशूने कोस सांगितला, मन कसं असावं ते त्या ओवीत सांगितलेलं नाही, यावर मी त्या दुपारी बराच वेळ वकिली केली.

शिंगणापूर फाट्याला विसावा झाला. मी बांधावर बसकण मारली. आजींनी माझ्या पायाकडे पाहिलं, "अगं बया!" म्हणाल्या आणि पिशवी ओढून घेतली. आतून एक डबी काढली. डबीत सुई, पांढऱ्या दोऱ्याची रीळ, खोबरेल तेलाची बाटली. मी पाय मागे घेतला. मळलेला, घामट, भेगाळलेला पाय. आईच्या वयाच्या बाईने तो मांडीवर घ्यावा हे मला सहन होईना. "नको आजी, मी करते."

"तुला जमणार न्हाई. गप बस."

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला, तेव्हा पेत्रानेही असंच नको म्हटलं होतं. त्याला मी इतकी वर्षं हट्टी समजत आले.

त्यांनी सुई काडीच्या जाळावर धरली, फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कातरली. पाणी दोऱ्यावरून ठिबकून गेलं. "दोरा ओढायचा न्हाई. कातडं सोलायचं न्हाई." तेल लावलं. हे सगळं करताना सुनेबद्दल तक्रारी अखंड चालू. माझं नाव त्यांनी तेव्हा विचारलं. सांगितलं. नाव ऐकून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "दुसरा पाय."

उठल्यावर पिशवीवरून आमची जुंपली. त्या म्हणत, तुझा पाय असा, मी घेते. मी म्हणे, अजिबात नाही. रस्त्यात दोघी दोन बंद धरून ओढतोय आणि मागची दिंडी खोळंबलेली. शेवटी एका चोपदाराने काठी दाखवली तेव्हा निघालो, आलटून पालटून घेत. नातेपुत्याला पोचेपर्यंत कोण कुणाला वेठीला धरतंय याचा माझा हिशेब पार विस्कटला होता.

त्यांची दिंडी सापडल्यावर त्या निघून गेल्या. "येते" नाही, काही नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात. माझे दोन्ही हात शाबासकीची वाट पाहत उभे होते. आणि आता तर लिहितेच आहे, म्हणजे तेही वचन गेलं.

पुढचे दिवस एकात एक मिसळले. पुरंदवड्याला गोल रिंगण, अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झालेली रेटारेटी, त्यात कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत. एका पहाटे पाणी आणायला गेलेला दिंडीतला मुलगा दोन तासांनी परतला, त्याला मी नको ते बोलले. मुक्कामाला सगळ्या दिंड्यांची मिळून समाज आरती व्हायची, तिथे चोपदारांनी काठी उंचावली की लाखभर टाळ एका क्षणात थांबायचे. त्या शांततेत हरवल्या-सापडल्याचे पुकारे व्हायचे. प्रार्थना अशीच असावी असं तेव्हा वाटायचं आणि दहा मिनिटांनी तंबूत जागेवरून मी कुणाशी तरी भांडत असायचे.

वेळापूरच्या अलीकडे मला ती पिशवी दिसली. निळी दोरी. एका कॉलेजच्या पोराच्या खांद्यावर होती, आणि त्याच्या पुढे वीसेक पावलांवर आजी, तुळस डोक्यावर घेऊन झपाझप.

"तुमच्या आहेत का या आजी?" त्याने मला विचारलं. चेहरा रडकुंडीला आलेला. "जरा धर म्हणाल्या होत्या."

मी त्याला म्हटलं, "दोरीखाली रुमालाची घडी घाल, नाहीतर खांदा सोलतो. आणि फोड आला की सांग त्यांना. सुई आतल्या डबीत आहे."