थंडीपेक्षा ओल घातक: गार हवामानातल्या वनौषधी

सेज, थाइम, लॅव्हेंडर अशी सुगंधी झुडपं हिवाळ्यात गेली की सगळे थंडीला दोष देतात. बहुतेक वेळा झाड मारते ती मुळाशी साचलेली ओल. ही झुडपं मूळची खडकाळ, कोरड्या उतारांवरची. गार, चिकण मातीत पाणी आठवडेच्या आठवडे मुरत नाही आणि मुळं कुजतात. झाड वाळलेलं दिसतं ते मात्र थंडी सरताना, म्हणून खरं कारण लक्षात येत नाही.

यांच्यासाठी वाफा २० ते २५ सेंटिमीटर उंच करा आणि मातीत एक तृतीयांश बारीक खडी मिसळा. चिकणमातीत बारीक वाळू घालू नका, दोन्ही मिळून दगडासारखं घट्ट होतं. खत बेतानंच. उन्हाळ्याच्या मध्यानंतर नत्र दिलं तर कोवळी फूट येते आणि पहिल्याच हिमात करपते. छाटणीचंही तसंच: मोठी छाटणी नवे कोंब दिसल्यावरच करा. लॅव्हेंडरच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कात्री नेऊ नका, तिथून सहसा फूट येत नाही. रोझमेरी या सगळ्यांत नाजूक. कडक थंडीच्या जागी ती कुंडीत लावून गार, उजेडाच्या खोलीत ठेवावी. बाहेर राहिलेल्या कुंडीत मुळं चारही बाजूंनी गारठतात, जमिनीतल्या रोपाला तेवढा फटका बसत नाही.

पुदिना, लेमन बाम (लिंबाच्या वासाची, पुदिन्यासारखी वनस्पती), चाइव्हज (कांद्याच्या जातीची बारीक पात) यांची तऱ्हा उलटी. त्यांना ओलावा आवडतो. वरचा भाग वाळतो आणि मुळापासून पुन्हा फुटतो. पुदिना मात्र ३० सेंटिमीटर खोल, बूड काढलेल्या डब्यात, काठ जमिनीच्या थोडा वर ठेवूनच लावा, नाहीतर वर्षभरात शेजारचा वाफा गिळतो.

इचिनेशिया या औषधी फुलझाडाचं बी ओलसर वाळूत मिसळून ४ ते ६ आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त एकसारखं उगवतं. कॅमोमाइलच्या बियांवर माती लोटू नका, त्यांना उगवायला उजेड लागतो.

जमीन गोठते-वितळते तशी नवी रोपं वर उचलली जातात आणि मुळं उघडी पडतात. म्हणून आच्छादन जमीन गोठल्यावर घाला, ५ ते ८ सेंटिमीटर पेंढा किंवा सुकी पानं, बुंध्यापासून दूर. आधीच घातलं तर जमीन गरम राहते आणि उंदीर मुक्कामाला येतात. लॅव्हेंडर, थाइमभोवती पेंढ्याऐवजी खडीच बरी. बर्फ पडला तर झाडूने काढत बसू नका, तोच चांगलं पांघरूण आहे.

पानं झाडाला फुलं येण्याच्या ऐन आधी, दव उडाल्यावर तोडा. इचिनेशियाची मुळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, वरचा भाग वाळल्यावर काढा. पानं सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुकवा, ३५ अंशांच्या वर नको, सुगंधी तेल उडून जातं. देठ टचकन मोडला की बरणीत भरा.