आमची वाटचाल : दप्तराच्या मशीनवर शिवलेला पट्टा

मिरजेत कुठल्याही बोळात शिरा, एक तर दवाखाना लागतो नाहीतर तंबोऱ्याचे भोपळे दिसतात. आमचं दुकान या दोन्हींत बसत नव्हतं. वडील शाळेची दप्तरं शिवायचे. जून संपला की मशीनवर धूळ बसायची. १९९८ च्या अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात जवळच्या दवाखान्यातले कंपाउंडर एक कमरेचा पट्टा घेऊन आले. "वेल्क्रो उसवलंय, चार टाके मारून द्या." वडिलांनी पाच रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात ते तसलेच चार पट्टे घेऊन हजर!

दोन वर्षं आम्ही नुसती दुरुस्ती केली. आमचं खरं शिक्षण तेच. पट्टा नवा असताना सगळेच छान दिसतात. कुठे मरतो ते फाटल्यावरच कळतं. इलॅस्टिक हमखास वेल्क्रोच्या शिवणीलगत सैल पडायचं. पाठीमागच्या स्टीलच्या पट्ट्या घामाने गंजायच्या आणि त्यांची टोकं खिसा फाडून बाहेर यायची. इचलकरंजीच्या यंत्रमागावरून आलेल्या पट्ट्याचं वेल्क्रो सुताच्या तुसाने भरलेलं असायचं, ऊसतोडणीवाल्यांचं पाचटाने. तसलं वेल्क्रो धरतच नाही, आणि माणसाला वाटतं पट्टाच खराब निघाला. जुन्या टूथब्रशने आकडे साफ केले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हे सांगून आम्ही आमची किती गिऱ्हाइकं घालवली, कोण जाणे.

मग स्वतःचा पट्टा शिवायला घेतला. स्टीलच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या, खिशाच्या तळाला दप्तराचं दुहेरी रेक्झिन, आणि धुताना स्टील काढून ठेवता येईल अशी वरून उघडी ठेवलेली शिवण. पहिले दोनशे पट्टे झोकात विकले आणि बरेचसे परत आले! आम्ही पँटच्या नंबरावर माप धरलं होतं. आपल्याकडे पँट पोटाखाली नेसतात. चौतीसची पँट घालणाऱ्याचं बेंबीवरचं माप चाळीस भरलं, तेव्हा डोळे उघडले. तेव्हापासून नंबर विचारणं बंद. उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही, आणि टेप बेंबीच्या रेषेवरून फिरवायचा. पट्टा बांधून दुकानातल्या स्टुलावर बसवूनही बघतो. खालची कड मांडीत रुतली किंवा वरची बरगडीत घुसली, तर माप कितीही बरोबर असो, तो पट्टा त्या माणसाचा नाही. आवळायचा तो दोन बोटं आत जातील इतकाच, आणि आत सुती बनियन हवा.

आता जी चूक सांगतो ती शिवणीतली नव्हती. सांगलीच्या हळदीच्या बाजारातले हमाल पूर्वीपासून कमरेला पंचा कसून बांधतात. मला वाटलं, हे तर आपलं तयार गिऱ्हाईक. एकाने विचारलं, "मालक, ह्ये बांधलं की कंबर धरणार न्हाई न्हवं?" मी छातीठोकपणे "नाही" म्हणालो. तो पठ्ठ्या पट्ट्याच्या भरवशावर जास्तच ओझं घेऊ लागला, आणि महिन्याभरात उसण भरून आडवा झाला. आमच्याकडे येणाऱ्या फिजिओ मॅडमनी मला तेव्हा चांगलंच फैलावर घेतलं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायोशने, १९९४ मध्येच सांगितलं होतं की धडधाकट माणसाने इजा टळावी म्हणून असा पट्टा बांधावा, याला पुरेसा पुरावा नाही. पट्टा दुखऱ्या कमरेला थोडे दिवस आधार देतो, वाकायच्या वेळी आठवण करून देतो. त्याने ताकद वाढत नाही. त्या हमालाचे पैसे मी परत केले. बाजारात माल ठेवणंही थांबवलं. धंद्याला ते वर्ष जड गेलं.

तेव्हापासून पट्टा देताना काढायचा कधी, हे आधी सांगतो. प्रवासात, उभ्याच्या कामात बांधा. आडवं पडताना सोडा. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की खुंटीला लावा आणि व्यायामाला लागा. हर्निया, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाला मुंग्या येऊन जोर कमी झालाय, लघवीवर ताबा राहत नाही, कमरेसोबत ताप आहे, असं कुणी म्हणालं तर आम्ही टेप हातात घेत नाही, रिक्षा बोलावतो. "मणक्यात गॅप आहे" एवढ्यावर तर कुणालाच काही विकत नाही. कागद दाखवा म्हणतो. टेलर ब्रेस, म्हणजे पाठीचा कणा ताठ धरणारा कडक पट्टा, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. हे नाव शिंप्याचं नव्हे बरं का, एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स टेलर यांचं. मणक्याच्या क्षयासाठी त्यांनी तो बनवला, आणि त्याच आजारासाठी आजही आमच्याकडे मागणी येते.

२०२० च्या टाळेबंदीत खांद्यावरून जाणाऱ्या पोश्चर बेल्टची लाट आली. घरी बसलेल्या पोरांच्या पाठी, पलंगावर लॅपटॉप. एक व्यापारी मोठी ऑर्डर घेऊन आला. खोक्यावर 'सात दिवसांत पाठ सरळ' छापायची अट होती. बायको म्हणाली, घ्या की, मशीनं रिकामी आहेत. मी घेतली नाही, आणि आठ दिवस घरात अबोला होता. आम्ही तो बेल्ट थोडा शिवतो, पण तो अर्धा तास आठवणीपुरता घालायचा. दिवसभर घातला तर काखेत काचतो आणि पाठ आपलं काम त्याच्यावर सोपवून मोकळी होते.

गंमत म्हणजे आमच्याच शिलाईच्या बायकांच्या कमरा धरायच्या. दिवसभर मशीनवर वाकून दुसऱ्यांसाठी पट्टे शिवायचे! त्यांना पट्टे वाटले नाहीत. टेबलं उंच करून घेतली, पाठीच्या खुर्च्या आणल्या, आणि दर तासाला उठून पाणी प्यायचा नियम केला. चहा त्यांनी स्वतःच वाढवला.

आज आम्ही नऊ जण आहोत. दुरुस्ती अजून चालू आहे, दुसऱ्यांच्या पट्ट्यांचीसुद्धा. सोमवारी दुकान बंद असतं. मापाला येताना जाड जीन्स घालून येऊ नका, एवढीच विनंती.