लाकडी कपाटांना शोभेल अशी फरशी शोधताना

स्वयंपाकघरातली सागवानी कपाटं मला फार प्रिय आहेत, त्यामुळे ती हलवायचा प्रश्नच नव्हता. बदलायची होती फक्त फरशी. तरी टाइल ठरवण्यात तीन आठवडे गेले.

पहिली निवड दुकानात उभ्या उभ्या केली होती: लाकडाच्या रेषा छापलेली, फिकट तपकिरी टाइल. तिथे सुरेख दिसली. नमुना घरी आणून कपाटाच्या शटरखाली ठेवला आणि मन खट्टू झालं. खऱ्या लाकडाच्या रेषांपुढे छापलेल्या रेषा उघड्या पडल्या. रंगही इतका जवळचा, की जुळवायला जाऊन थोडक्यात चुकल्यासारखं वाटावं. लाकडाखाली लाकूडच दिसायला हवं, हा हट्ट तिथेच सोडला.

मग सुताराने एक गोष्ट करून दाखवली. पांढराशुभ्र कागद शटरला लावला. इतकी वर्षं मी ज्याला तपकिरी म्हणत होते, ते कागदाशेजारी चक्क नारिंगी झाक मारत होतं! मधे पाहिलेली एक राखाडी टाइल का खटकली होती, तेही तेव्हाच उमगलं. तिच्यात निळसर छटा होती आणि निळ्याशेजारी नारिंगी आणखी भडक दिसतो. राखाडी चालणार होती, पण मातकट अंगाची.

चार नमुने आणले आणि जमिनीवर आडवे ठेवले. उभं धरून पाहण्यात अर्थ नाही, आडव्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. चार दिवस ते तिथेच होते. दिवसा शांत वाटणारी बेज टाइल रात्री ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबीसर झाली. ती बाद. मातकट राखाडी मात्र सकाळी, दुपारी, रात्री तशीच राहिली.

प्रकाराचा निर्णय लवकर झाला. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, म्हणून तीच. चकचकीत नको, मॅट हवी. घसरण्याच्या बाबतीत आर९ ते आर१३ अशी श्रेणी असते, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. पण फार खरखरीत टाइलमध्ये मळ अडकतो. आर१०चा नमुना ओला करून अनवाणी उभी राहिले, पाय घट्ट टेकला, ठरलं.

सांध्यांचा रंग मी जवळजवळ गवंड्यावरच सोडणार होते. बरं झालं सोडला नाही. पांढऱ्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मिश्रणाने, सगळ्या जमिनीवर चौकटी उठल्या असत्या आणि कपाटांऐवजी नजर तिकडेच गेली असती. टाइलपेक्षा किंचित गडद रंग घेतला, तोही इपॉक्सी ग्राउटमध्ये (सिमेंटऐवजी राळेचं), कारण त्यात तेलाचे डाग मुरत नाहीत.

काम सुरू व्हायच्या सकाळी खोक्यांवरचे शेड नंबर, म्हणजे रंगछटेची बॅच सांगणारे आकडे, वाचले. दोन खोकी वेगळ्या बॅचची निघाली. टाइल शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक अगदी पुसट, पण एकदा दिसला की नजर तिथेच अडकत होती. गवंड्याला थांबवलं, खोकी बदलून आणली, एक दिवस वाया गेला. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

कापाकापी आणि तुटफूट धरून दहा टक्के टाइल जास्त घेतल्या होत्या. त्यातल्या पाच उरल्या. शेड नंबरचा पुठ्ठा त्यांच्यासोबत बांधून माळ्यावर ठेवला आहे.