‘नाइफब्लेड’ मेखांसाठी मारलेल्या तीन खेपा

मुंब्र्याच्या डोंगरात आम्ही जिथे सराव करतो त्या कातळात एक उभी भेग आहे. तिच्यात रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवता येतात, तिसरे जात नाही. आमच्याकडचा सर्वांत लहान नटही (भेगेत हाताने अडकवायची धातूची पाचर) तिच्यात बसत नाही. मेख, म्हणजे भेगेत ठोकायची धातूची पट्टी, ठोकल्याने कातळाला कायमची जखम होते, त्यामुळे नट बसत असेल तिथे हातोडा काढूच नये, हे मलाही मान्य आहे. इथे मात्र दुसरा इलाज नव्हता.

पहिली चूक माझीच. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून साध्या लोखंडाच्या पट्टीच्या दोन मेखा करून आणल्या, आणि जमिनीलगतच्या एका भेगेत त्या ठोकून पाहताना पहिली तिसऱ्याच घावाला वाकली. मऊ लोखंड वेड्यावाकड्या भेगेचा आकार घेते, म्हणून चुनखडकात ते चालते. आपल्या काळ्या बसाल्टमध्ये त्याचा निभाव लागत नाही. अमेरिकेतील योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये हीच अडचण आल्यावर जॉन सालाथे या लोहाराने 1940 च्या दशकात कठीण पोलादाच्या मेखा घडवल्या होत्या. तेव्हा क्रोममोली या कठीण मिश्र पोलादाच्या, तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चार ‘नाइफब्लेड’, म्हणजे पातळ पात्याच्या मेखा, परदेशातून मागवल्या.

इथे घोडे अडले. पार्सल नवी मुंबईत पोहोचले आणि कागदावरचे ‘नाइफब्लेड, 4 नग’ हे शब्द वाचून तिथे तपासणीतच थांबवले गेले. ओळखपत्र पाठवले, पावती पाठवली; आठ दिवसांनी उत्तर आले की वस्तूचा उपयोग लेखी कळवावा. ‘गिर्यारोहणासाठी’ असे कळवले, तर ‘गिर्यारोहणात सुरी कशासाठी?’ अशी विचारणा झाली. शेवटी ठाण्याहून तिथे खेपा सुरू केल्या. पहिल्या खेपेला संबंधित गृहस्थ रजेवर होते, दुसऱ्या खेपेला जेवायला गेले होते ते चारपर्यंत परतले नाहीत. तिसऱ्या खेपेला भेटले आणि म्हणाले, “ताई, धार नाही म्हणता, मग ब्लेड कशाला म्हणतात?”

मी पिशवीतून ती वाकलेली मेख काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट ओढून दाखवले. पाते भेगेत जाते, मागच्या भोकात कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) अडकतो आणि त्याला माणूस लटकतो, हे ऐकल्यावर ते मेखेकडे पाहत म्हणाले, “एवढ्याशा पत्र्याला?” मग त्यांच्यासमोर बसूनच जाडी, लांबी आणि भोकाच्या आकृतीसह ‘गिर्यारोहणाची पोलादी मेख, बिनधारेची’ असे वर्णन लिहून दिले. एकवीस दिवस अडलेले पार्सल त्या एका ओळीने दुसऱ्या दिवशी सुटले. मागवतानाच विक्रेत्याला कागदावर असे वर्णन लिहायला सांगा. मला ते कोणी सांगितले नव्हते.

आधीच लिहायला हवे होते ते आता आठवले: निवडताना फक्त जाडी पाहू नका, लांबीही पाहा. भेगेत आधी पातळ पट्टी घालून खोली मोजा, कारण आपल्याकडच्या पुष्कळ भेगा आत मातीने बुजलेल्या असतात. मेख हाताने दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश आत जावी आणि उरलेली हातोड्याने. सगळीच हाताने गेली तर जाड मेख घ्या.

मुंब्र्याला मधल्या लांबीची मेख लागली. प्रत्येक घावासरशी तिचा आवाज चढत गेला. आवाज बद्द येत असता तर मी तिच्यावर भार टाकला नसता. टोक आत कुठेतरी टेकल्याने ती इंचभर बाहेर राहिली, म्हणून भोकाऐवजी अगदी कातळालगत स्लिंग (पट्ट्याचा फास) बांधली, म्हणजे तरफेचा जोर कमी पडतो. काढताना भेगेच्या दिशेने, वर-खाली घाव घालत वीस मिनिटे गेली. आता चारही मेखा तेल लावून ठेवल्या आहेत. ठाण्याच्या दमट हवेत पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही.