चौथी फळी: चापाची नथ

मागच्या वेळी लिहिलं होतं की आषाढ संपायच्या आत चौथी फळी पुरी करते. श्रावणही निम्मा गेला. फळी अजून जेवणाच्या टेबलावर आडवी आहे आणि आई नि मी ओट्याशी उभ्यानं जेवतोय. आईचं म्हणणं एकच, "पूजेच्या आधी टेबल मोकळं कर, बाकी तुझं तू बघ."

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी फळ्यांवर चित्रं रंगवते, या मालिकेचं नाव 'नासिका'. आपल्या गावाला शूर्पणखेच्या नाकावरून नाव पडलं, हे नाशिकचं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. तपोवनात ती जागाही दाखवतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण तिचं नाक आणि कान दोन्ही कापतो. गावाला नाव नाकाचं मिळालं, कानांच्या वाट्याला काहीच आलं नाही. पहिल्या तीन फळ्या पुराणातल्या होत्या, ही चौथी स्वप्नातली आहे.

स्वप्न फेब्रुवारीतलं, शूर्पणखेचं. उशाशी वही असते आणि चहाच्या आधी लिहायचं हा नियम आहे, कारण चहा झाला की निम्मं जातं. वहीतलं जसंच्या तसं देते: "सराफ बाजार. दुकानात ट्यूबलाइट. ती गादीवर बसलीय, एक पाय मुडपून. पदर तोंडावर नाही. सराफ ट्रे काढतो, मान वर करत नाही. ती म्हणते, चापाची दाखवा."

नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ. पण चापालाही चिमटायला नाक लागतंच ना? स्वप्नात ना तिला हा प्रश्न पडला, ना सराफाला, ना मला. जाग आल्यावर पडला, आणि तेव्हाच ठरलं की हे रंगवायचं.

इथे एक तक्रार नोंदवते. स्वप्नाची चित्रं म्हटलं की आपण सगळेच धुकं घालतो. मीही घातलंय, दुसरी फळी तर पुराणातली, तरी नुसता जांभळा धूर. पण खरं सांगा, स्वप्नात धुकं असतं का? मला तर ट्यूबलाइटची पट्टीसुद्धा दिसली, एका टोकाला काळी पडलेली. धूसर होते ती आठवण, उठल्यानंतरची. धुकं घातलं की आपण स्वप्न रंगवत नाही, विसरणं रंगवतो. म्हणून या वेळी कडा धारदार ठेवायच्या, उजेड वरून आणि पांढरा. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकला तर दिवसाढवळ्या देवदूत दिसायचे, पण त्याच्या आकृत्यांची रेघ बघा, कशी ठाम असते. रात्रीच्या बैठकीत दिसलेल्या पिसूचं भूत त्यानं महोगनीच्या फळीवर काढलं. जेमतेम २१ बाय १६ सेंटीमीटर, आणि त्या भुताच्या अंगाचे स्नायू मोजून घ्यावेत असे.

आता फळी. १८ बाय २४ इंच, १२ मिमी प्लाय. अस्तर नेहमीचंच: खडूची पूड, फेविकॉल, पाणी, चार हात, मधे मधे पॉलिश पेपर. त्यावर सूप. शूर्प म्हणजे सूप, सुपासारखी नखं असलेली ती शूर्पणखा. मग सूप चित्रात यायलाच हवं होतं, पण काढलेलं नको होतं. जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टनं १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिलीच्या शिसानं घासून ठसे घेतले, तेच केलं. आजीचं जुनं सूप पालथं घातलं, वर पातळ हातकागद, आणि कोळशाची कांडी आडवी धरून हलक्या हातानं घासली. बांबूच्या पट्ट्यांची वीण उमटली. काठाला जिथे वेत गुंडाळलाय तिथे ठसा इतका दाट आला की आपसूक गादीची शिवण झाली! कागद चिंचोक्याच्या खळीनं चिकटवला. खळीत चिमूटभर मोरचूद, जुने बुकबाइंडर घालतात तसं, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. मी एकदा वापरलं होतं, ते पातेलं आता कायमचं माझं आहे.

इथवर छान चाललं होतं. मग मला शेंदराची हौस आली.

२०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप काढला, ते आठवत असेल. नवरात्रात आम्ही गडावर गेलो होतो. आई बराच वेळ बघत राहिली. "डोळे ओळखीचे वाटेनात गं," म्हणाली आणि मग हात जोडले. तेव्हापासून डोक्यात होतं की एक चेहरा असा करायचा, थरांखाली थर असलेला. म्हणून शूर्पणखेच्या चेहऱ्याला तळाला खरा शेंदूर दिला, तिळाच्या तेलात कालवून, गावाबाहेरच्या देवाला देतात तसा. तीन हात. दहा दिवस वाळू दिला. वर ॲक्रिलिकची, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगांची त्वचा, गालाला पिवळी माती, ओठांना काळसर तांबडा. तीन आठवड्यांचं काम. चेहरा जमला होता, खोटं कशाला सांगू.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर पावडर कोटिंगचे पॅनल तपासते. तिथे रंग धरलाय की नाही हे बघायला क्रॉस कट टेस्ट असते. ब्लेडनं उभ्या सहा आणि आडव्या सहा चिरा द्यायच्या, जाळी होते. वर टेप घट्ट लावायची आणि ओढायची. काहीच सुटलं नाही तर शून्य, सगळं सुटलं तर पाच. घरच्या फळ्यांवरही मी ही टेस्ट करते, कोपऱ्यात, जिथे नंतर काहीतरी येणार असतं. या वेळी गालावर केली, कारण तिथे नथ येणार होती.

टेप ओढली. गाल आला. गालाबरोबर नाक आलं, आणि वरचा अर्धा ओठ. एका पापुद्र्यात, चिवड्यातल्या पोह्यासारखा कुरकुरीत. टेपवर तिचं नाक आणि फळीवर भगवा तेलकट खड्डा.

आई पाठीमागे उभी होती. म्हणाली, "झालं का तुझ्या लक्ष्मणाचं काम?"

मी दोन दिवस फळीकडे बघितलं नाही.

चूक कुठे झाली ते आपल्यात सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही. ॲक्रिलिकवर तेल चालतं, उलटं नाही. त्यात जवसाचं तेल असतं तर निदान हवेत सुकून घट्ट झालं असतं. तिळाचं धड सुकतच नाही, म्हणून तर देवाचा शेंदूर बोटाला लागतो. कारखान्यात हाच पॅनल आला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता.

दुसरी गोष्ट, आणि ही गमतीत घेऊ नका. शेंदूर म्हणजे बऱ्याचदा शिशाचा ऑक्साइड. गंजरोधक प्रायमरमध्ये पूर्वी तोच वापरायचे. लोखंडाचा रेड ऑक्साइड वेगळा. शेंदूर कोरडा घासायचा नाही, धूळ फुप्फुसात जाते. मी ओल्या फडक्यानं आणि रबरी पातीनं खरवडला, हातमोजे आणि मास्क घालून, आणि फडकी पिशवीत बांधून ठेवली. घरात लहान मूल असेल तर या वाटेलाच जाऊ नका. शिवाय शिशाचा हा रंग काळाबरोबर काळपटतो, म्हणजे हौस करून हाती यायचं काय? आता तळाला पायरोल ऑरेंज आहे, ॲक्रिलिकचा. शेंदरापेक्षा किंचित तांबडा. मी त्यात पिवळ्या मातीचा थेंब घालते.

चेहरा पुन्हा उभा केला, या वेळी पाण्यातल्या रंगांवर पाण्यातलेच रंग. टेस्ट शून्य आली. पण आता नाक होतं, आणि ते घालवायचं होतं. आधी ब्लेडनं कापून काढलं. कडा सरळ आल्या, सुताराच्या हातच्या. मग पॉलिश पेपरनं झिजवलं, तर देवीच्या रोग्यासारखी दिसायला लागली. रंगानं खड्डा काढून पाहिला, तो तर नाटकातला मेकअप. पहिल्या अपघातात जे झालं होतं ते मुद्दाम होईना. तो टेपवरचा पापुद्रा मी फेकला नव्हता. रोज बघत होते. त्याची कड फाटलेल्या भाकरीसारखी होती, एका बाजूला जाड, दुसरीकडे जाळीदार.

मग सरळ तीच चूक पुन्हा केली, पण मोजून. चेहऱ्याचा तळ कोरडा झाल्यावर फक्त नाकापुरता बोटानं तिळाच्या तेलाचा हात फिरवला, कडेला अगदी पातळ, मधे जरा जास्त. वर ॲक्रिलिक, दोन दिवस. मग टेप. पहिल्यांदा ओढली तर नुसती नाकपुडी आली. दुसऱ्यांदा अख्खं नाक. ओठ जागेवर! कड तशीच, फाटकी. उरलेलं तेल साबणाच्या पाण्यानं तीनदा पुसलं, आणि सैल कडेखाली बारीक ब्रशनं पातळ मॅट मीडियम (ॲक्रिलिकचं बिनरंगी, बिनचमक माध्यम) सोडलं, ते आपोआप आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी बोटानं दाबून पाहिलं, पक्कं आहे. ज्यांना मुखवटे, जुन्या भिंती, सोललेली पोस्टर असं काही करायचंय त्यांनी हे एका तुकड्यावर करून बघा. तेल सगळीकडे पसरू देऊ नका, एवढंच.

आता नथ. तांबट लेनमधून पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे आणि तार आणली. दुकानातल्या काकांनी विचारलं, "ताई, कशाला हवंय एवढंसं?" नथ म्हटल्यावर त्यांनी तार परत घेतली आणि भट्टीवर लाल करून पाण्यात टाकली. "आता वाकव, मऊ झाली." तांबं तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं, पोलादाच्या उलट. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण बोटांना तेव्हाच कळलं.

नथीवर जंगाल, म्हणजे तांब्यावरचा हिरवा थर, चढवायचंय. मीठ, व्हिनेगर, झाकणबंद डब्यात दोन दिवस. आंबट ताक तांब्यात कळकतं, तोच प्रकार. पण हे हिरवं कागद खातं, म्हणून तांबं आधी धुऊन, वाळवून, वार्निश करूनच फळीवर जाईल. मोती काचेचे. आणि ट्रेच्या मखमलीला मावशीच्या विटलेल्या येवल्याच्या पैठणीचा पदर. त्यातली जर खरी असावी, काळी पडलीय. ती चिंच लावून उजळवू नका असं मीच मला बजावतेय, काळीच छान दिसते.

सध्याची स्थिती: चेहरा झाला, गादी झाली, ट्यूबलाइट झाली (टोकाला काळी). सराफाचे हात अजून बटाट्यासारखे आहेत. वार्निश दमटपणामुळे पांढरं पडतंय, ते पाऊस उघडेपर्यंत थांबेल.

अडलंय ते नथीच्या जागेवर. तारेचं वेटोळं मी चेहऱ्यावर ठेवून पाहिलं, ओठावर, गालावर, खड्ड्याच्या कडेला. सगळीकडे विनोदी दिसलं. काल रात्री आई पाण्याला उठली, दिवा लावून फळीपाशी थांबली. मी आत जागीच होते. सकाळी बघितलं तर नथ चेहऱ्यावरून उचलून शूर्पणखेच्या हातात ठेवली होती, मुडपलेल्या गुडघ्याजवळ.

"तिथे का गं ठेवलीस?"

"घालायची की नाही ते तिचं ती ठरवेल. टेबल कधी मोकळं करतेस?"

तळहात आता पुन्हा रंगवावा लागेल, तो मिटलेला होता.